कॅलेंडरवरचा तडा

६ सप्टेंबर

प्रिय आत्या,

नमस्कार. वाकून केला आहे असं समज, कंबर धरली आहे म्हणून यंदा कागदावरच. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलायला लागलो की ऑफिसातले सगळे माना वर करून बघतात, म्हणून पत्र लिहितो आहे.

काम तुझ्या धंद्यातलं आहे. आमच्या पाणीपुरवठा विभागाला एक कॅमेरा मंजूर झाला आहे. इतकी वर्षं आम्ही टाक्या तपासून ‘स्थिती समाधानकारक’ असं लिहायचो आणि चहाला जायचो. आता वरून हुकूम आला आहे की प्रत्येक तपासणीला फोटो जोडायचा. कॅमेरा निवडायला समिती नेमली आहे, त्यात साहेब, भांडारपाल आणि कनिष्ठ अभियंता म्हणून मी.

दोन कॅमेरे समोर आहेत. एक मिररलेस, मोठमोठे व्यावसायिक वापरतात तो. सोबत तीन लेन्स. हातात घेतला की कसं भारदस्त वाटतं म्हणून सांगू, बोटं आपोआप जागेवर जातात. पंच्याऐंशीची लेन्स लावली की समोरची वस्तू लख्ख आणि मागचं सगळं लोण्यासारखं वितळलेलं. शटरचा आवाजसुद्धा हलका, सभ्य. दुसरा कॅमेरा छोटा, पिवळा, रबरी अंगाचा. पाण्यात बुडवा, शिडीवरून पाडा, त्याला काही होत नाही म्हणे. दिसतो मात्र बाळाच्या आंघोळीच्या टबातल्या खेळण्यासारखा. साहेबांचा कल पहिल्याकडे आहे. मी तटस्थ आहे.

जाता जाता, टेकडीवरच्या जुन्या टाकीला आतून एक तडा दिसतो आहे. तिथे चाव्या फिरवून पाणी सोडणारे आमचे चावीवाले काका म्हणतात, तो वाढतो आहे. टाकीच्या खालच्या अंगाला कामगारांच्या आठ खोल्या आहेत आणि त्यातली एक त्यांची, तेव्हा त्यांना तसं वाटणारच. तुझं मत लवकर कळव.

तुझा,
पुसट्या

१४ सप्टेंबर

चि. पुसट्या,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात मोजून देत नाही. लहानपणी एका फोटोत तू धड स्थिर उभा राहिला नाहीस. तुझ्या बारशापासून मुंजीच्या वयापर्यंतचे सगळे फोटो माझ्याकडे आहेत आणि सगळ्यात तुझ्या जागी एक धुराचा लोट आहे. घरात हे नाव पडलं ते त्यामुळे. आता तुलाच कॅमेरा निवडायला बसवलं आहे, हे वाचून मला दिवसभर हसू येत होतं.

तू तटस्थ आहेस हे वाचलं. पहिल्या कॅमेऱ्याबद्दल लिहिताना तुझं अक्षरसुद्धा सुधारलं आहे, तेवढं फक्त सांगून ठेवते.

मी चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला. लग्नं काढली, पासपोर्टचे तर ढिगाने काढले, आणि कारखान्यात काही मोडलं-पडलं की विमावाले मलाच बोलवायचे. त्यातून मला एवढं कळलं की काही फोटो भिंतीवर लावायचे असतात आणि काही टेबलावर ठेवून चार माणसांनी त्यात बोट घालून भांडायचं असतं. विम्याच्या फोटोत मी सहा इंची स्टीलची पट्टी ठेवल्याशिवाय बटण दाबलं नाही. फोटो कुरूप यायचा, पण कोणाला ‘एवढंसंच तर आहे’ असं म्हणता यायचं नाही.

तुमची टाकी शिडीने आत उतरून बघायची असते ना? मग शिडीवर ज्याला एका हाताने धरता येईल आणि पाण्यात पडला तर ज्याच्यासाठी कोणी रडणार नाही, तो घ्या. पिवळा घ्या. मी स्वतः तसलाच घेतला आहे. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पोहण्याच्या तलावात चालायला सांगितलं आहे. आम्ही सहा म्हाताऱ्या रोज सकाळी गळाभर पाण्यात फेऱ्या मारतो आणि मी पाण्याखालून त्यांचे पाय काढते. आजवर इतके प्रामाणिक फोटो मी कोणाचे काढले नव्हते.

आणि चावीवाल्याला विचार, तडा कधीपासून बघतो आहे. त्याला वाटणारच, असं लिहून मोकळा होऊ नकोस.

तुझी आत्या

२० ऑक्टोबर

प्रिय आत्या,

शेवटी मोठाच कॅमेरा आला. मी पिवळ्यासाठी खूप सांगून पाहिलं, पण साहेबांपुढे कोणाचं चालतं? ते म्हणाले, विभागाचा माणूस असलं खेळणं गळ्यात घालून फिरला तर नागरिक काय म्हणतील. भांडारपालांनी तर कॅमेरा आल्या दिवशीच त्याला कुलपाच्या कपाटात, हवाबंद डब्यात, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांबरोबर झोपवलं. बाहेर न्यायचा तर तीन प्रतींत अर्ज. डब्यावर त्यांच्या हातची चिठ्ठी आहे, ‘पाण्याजवळ नेऊ नये.’ आम्ही पाणीपुरवठा विभाग आहोत हे त्यांना आठवण करून दिलं, तर म्हणाले, म्हणूनच जास्त काळजी घ्यावी लागते.

तरी मी अर्ज मंजूर करून घेतला आणि टेकडीवर गेलो. कॅमेरा घेऊन आत उतरायला परवानगी नव्हती, म्हणून वरच्या झाकणाच्या तोंडाशी पालथा पडलो आणि तिथूनच लांबून नेम धरला. चावीवाले माझे पाय धरून बसले होते. दुपारचं ऊन झाकणातून तिरपं आत गेलं होतं, खाली काळं पाणी, आणि त्या उजेडात तो तडा वरपासून खालपर्यंत. आत्या, मी बटण दाबलं आणि मला कळलं की हा फोटो वेगळा आला आहे.

प्रत सोबत पाठवतो. खरं खरं सांग.

तुझा,
पुसट्या

२९ ऑक्टोबर

चि. पुसट्या,

खरं सांगते, उजेड सुंदर पकडला आहेस. मी असा फोटो काढला असता तर शोकेसमध्ये लावला असता. तुझ्या हातात काहीतरी आहे, हे मला आधी कधी दिसलं नव्हतं आणि ते सांगायला मला कमीपणा वाटत नाही.

आता भिंग घेऊन बसते. हा तडा बोट जाईल एवढा आहे की मूठ जाईल एवढा? कळत नाही. ओल कुठवर आली आहे? ते तुझ्या लोण्यात वितळलं आहे. तळाशी तो भिंतीच्या जोडात गेला आहे की त्याच्या आधीच थांबला आहे? तिथे काळोख आहे, फार देखणा काळोख. थोडक्यात, या फोटोवरून मला एकच कळतं, की तडा आहे. ते तर चावीवाला फोटोशिवायही सांगत होता.

त्याला विचारलंस का, कधीपासून?

आत्या

१८ डिसेंबर

प्रिय आत्या,

उशीर झाला, माफ कर. इथे बरंच काही घडलं आणि बहुतेक चांगलंच घडलं.

मी तड्याचा अहवाल लिहिला, फोटो जोडला आणि वर पाठवला. साहेबांनी फोटो पाहिला आणि खुर्चीतून उठून खिडकीपाशी नेऊन पुन्हा पाहिला. मग शिपायाला बोलावून दाखवला. अकरा वर्षांच्या नोकरीत माझं कुठलंच काम कोणी उजेडात नेऊन पाहिलं नव्हतं. विभागाचं नव्या वर्षाचं कॅलेंडर निघतं, त्याच्या मार्च महिन्यावर माझा फोटो छापला आहे. खाली शीर्षक आहे, ‘निसर्गाची रेघ’. ते साहेबांनी दिलं. त्याच फोटोची मोठी चौकट त्यांच्या केबिनमध्ये लावली आहे. पाहुणे आले की मला बोलावून घेतात.

अहवालाचं म्हणशील तर तो परत आला आहे. चौकटीसाठी फोटो काढून घेतला होता ना, त्यामुळे ‘फोटो जोडलेला नाही, सबब अपूर्ण’ असा शेरा पडला. दुसरी प्रत जोडायला हवी, पण प्रिंट काढायला कार्ड लागतं, कार्ड कॅमेऱ्यात आहे, आणि कॅमेरा साहेबांच्या मेव्हण्याच्या साखरपुड्याला गेला आहे. आला की लगेच करतो.

चावीवाले म्हणाले, दोन वर्षांपासून बघतो आहे. कॅलेंडर त्यांनाही दिलं. त्यांनी बराच वेळ हातात धरलं आणि विचारलं, यात आमच्या खोल्या का दिसत नाहीत? मी म्हटलं, काका, ती वेगळी चौकट झाली असती.

तुझ्यासाठी कॅलेंडर पाठवतो आहे. मार्चचं पान उघडून ठेव.

पुसट्या

२७ डिसेंबर

पुसट्या,

कॅलेंडर मिळालं. उघडलं आणि बंद केलं.

तुला एक गोष्ट सांगते, जी मी तुझ्या बापालाही सांगितली नाही. स्टुडिओला चार-पाच वर्षं झाली होती. एका गिरणीची स्मरणिका निघायची होती आणि मालकाला चिमणीचा फोटो हवा होता. मी काढला. चिमणीला मध्यावर एक चीर होती, ती फोटोत स्पष्ट आली. मालक म्हणाला, बाई, तुम्ही नवऱ्यामुलींच्या मुरमांच्या खुणा घालवता, ही एवढी रेघ घालवा. मी बारीक कुंचल्याने ती अशी घालवली की मलाच पुन्हा सापडेना. स्मरणिका निघाली, माझं नाव झालं, त्या फोटोवर मला पुढची दहा मोठी कामं मिळाली. दोन वर्षांनी एका दुपारी चिमणी सायकलींच्या शेडवर पडली. पाळी सुटायला वीस मिनिटं होती. अकरा सायकली चेपल्या, माणूस एकही नाही. त्या वीस मिनिटांवर मी आजपर्यंत जगते आहे. मला कोणी काही विचारलं नाही आणि मीही कोणाला काही सांगितलं नाही. पट्टी ठेवायची सवय मला त्या दिवसानंतर लागली.

तू चीर घालवली नाहीस. तू तिला चौकटीत बसवलंस, आणि परिणाम तोच झाला.

सोबत माझा पिवळा कॅमेरा आणि माझी पट्टी पाठवते आहे. म्हाताऱ्यांचे पाय थोडे दिवस थांबतील. शिडीने खाली उतर. पट्टी तड्याला आडवी धर, फ्लॅश पेटू दे, तारीख येऊ दे. वीस-बावीस दिवसांनी पुन्हा त्याच जागी. फोटो चांगले आले तर मला पाठवू नकोस.

आत्या

२५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

दोन महिने लिहिलं नाही, कारण लिहायला बसलो की आधी एक कबुली द्यावी लागत होती. ती देतो आणि पुढे जातो.

मी पिवळ्यासाठी काही सांगून पाहिलं नव्हतं. समितीत पिवळाच ठरत आला होता. चावीवाल्यांनी तसा साधा अर्जच दिला होता, की आत उतरताना खिशात मावेल असं काही द्या. साहेबांना कॅमेऱ्यातलं काही कळत नाही, ते सही करायला पेन उघडून बसले होते. मीच म्हणालो, साहेब, विभागाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. खेळणं हा शब्दही माझाच. मला तो मोठा कॅमेरा हातात घ्यायचा होता आणि माझ्या पैशाने तो या जन्मी येणार नव्हता. तुला लाज वाटेल म्हणून साहेबांच्या नावावर ढकललं.

आता फोटो. पहिल्यांदा उतरलो तेव्हा तिसऱ्याच पायरीवर तुझा कॅमेरा हातातून सुटून पाण्यात पडला. चावीवाल्यांनी गळ घालावा तसा दोरीने वर काढला आणि शर्टाला पुसून दिला. चालू होता. ४ जानेवारीला पट्टीवर तडा चार मिलिमीटर. २५ जानेवारीला सहा. २१ फेब्रुवारीला अकरा. तिन्ही फोटो सोबत आहेत. पांढरे फटक आले आहेत, एकात चावीवाल्यांचा अंगठा आहे आणि एकात माझ्याच कपाळाची सावली. तळाशी तडा जोडात शिरला आहे, तो काळोख फ्लॅशने गेला.

मी ते साहेबांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी पाहिले आणि म्हणाले, ‘‘तुमचा पहिला फोटो फार वरच्या दर्जाचा होता हो. यात तो भाव नाही.’’ मग म्हणाले की दुरुस्तीचा प्रस्ताव पुढच्या वर्षात घेऊ.

त्या दिवशी मी खाली त्या आठ खोल्यांवरून चालत गेलो. दारात कपडे वाळत होते, चावीवाल्यांच्या बायको शिवणयंत्रावर बसल्या होत्या, त्यांच्या पाठीमागच्या भिंतीला आमची टाकी. त्यांनी मला पाणी विचारलं. मी पेला तसाच खाली ठेवला आणि ऑफिसात जाऊन नियमांचं पुस्तक काढलं.

नियमात एक गोष्ट आहे. कनिष्ठ अभियंता सफाईसाठी टाकी तीन दिवस रिकामी ठेवू शकतो, कोणाला न विचारता. कालपासून टाकीची सफाई सुरू आहे.

तुझा,
पुसट्या

२ मार्च

चि. पुसट्या,

फोटो मिळाले. अंगठा चांगला आला आहे.

कबुलीचं म्हणशील तर मला पहिल्या पत्रातच कळलं होतं. तुझं अक्षर इतकं सुबक कधी नसतं. तू स्वतःहून सांगशील म्हणून गप्प राहिले, तेवढी शिक्षा तुला पुरे.

आज सातवा दिवस असेल. तीन दिवसांची सफाई संपल्यावर काय केलंस?

आत्या

१४ मार्च

प्रिय आत्या,

तीन दिवसांची सफाई संपल्यावर मी दुसरी सफाई काढली आणि ती संपल्यावर तिसरी. इतकी स्वच्छ टाकी या विभागाने पाहिली नसेल. वरच्या वस्तीला पाणी कमी दाबाने जायला लागलं, तक्रारी आल्या, आणि ५ तारखेला साहेबांनी लेखी हुकूम काढला की टाकी तत्काळ भरावी.

हुकूम घेऊन मी टेकडीवर गेलो. चावीवाल्यांनी तो वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, ‘‘भरतो. पण चावी जड झाली आहे, अर्धा फेराच बसेल.’’ चावी जड झालेली नव्हती. मग ते खाली गेले आणि आठही दारं वाजवून सगळ्यांना बाहेर यायला सांगितलं. कारण काय दिलं ते मला माहीत नाही, पण शिवणयंत्रासकट सगळे समोरच्या रस्त्यावर येऊन बसले. एक आजोबा गादी घेऊन आले आणि तिच्यावर झोपले. मी सगळ्यांना पाहत उभा होतो आणि मनात म्हणत होतो की काही होऊ नये आणि मी मूर्ख ठरावा.

पाऊण वाजल्यापासून पाणी चढत होतं. सव्वातीनला, तीन फूट भरलं असताना, तड्याच्या रेषेत भिंत उघडली. आवाज फार मोठा झाला नाही. पाणी दोन खोल्यांच्या मागच्या भिंती घेऊन पुढच्या दारातून बाहेर आलं आणि आमच्या पोटऱ्यांपर्यंत चढून उताराला लागलं. बादल्या, चपला, एक खुर्ची. टाकी सोळा फुटांची आहे, आत्या. चावीवाल्यांच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मी मान खाली घातली.

माणूस एकही नाही. सायकलसुद्धा नाही.

आता ऑफिसातलं सांगतो. पडलेल्या भिंतीचे फोटो हवे होते, पण मोठा कॅमेरा त्याच मेव्हण्याच्या लग्नाला गेला होता. साहेबांच्या केबिनमधली चौकट दुसऱ्या दिवशी उतरवली, मागे भिंतीला ओल आली होती ती तेव्हा दिसली. कॅलेंडरचं काय करायचं यावर दीड तास बैठक झाली. शेवटी परिपत्रक निघालं की सर्व शाखांनी मार्चचं पान काढून जमा करावं. त्यामुळे इथे सगळ्या भिंतींवर फेब्रुवारीनंतर एप्रिल आहे. कालच्या कागदांवर तारीख काय घालायची म्हणून दोघे कारकून माझ्याकडे विचारायला आले होते.

आणि मला नोटीस मिळाली आहे. चौकशी २६ तारखेला आहे. टाकी नऊ दिवस रिकामी ठेवून नागरिकांची गैरसोय का केली, हा पहिला मुद्दा. भिंतीचा मुद्दा नाहीच. मी उत्तरात तुझ्या कॅमेऱ्याचे तीन फोटो जोडले, तर दुसरा मुद्दा वाढला, की हे फोटो विभागाच्या मालमत्तेत नोंद नसलेल्या कॅमेऱ्याने काढले असल्याने ग्राह्य कसे धरावेत, आणि सदर कॅमेरा कोणाचा. चावीवाल्यांनाही विचारलं आहे की अर्धाच फेरा का फिरवला. ते म्हणाले, वय झालं. त्यांना दुसऱ्या टोकाच्या पंपावर पाठवलं आहे.

नोकरी जाईल की राहील, कळत नाही. भीती वाटते, हे तुला सांगतो, इथे कोणाला सांगत नाही. कॅमेरा पुसून ठेवला आहे. परत कसा पाठवू?

तुझा,
पुसट्या

१९ मार्च

चि. पुसट्या,

कॅमेरा पाठवू नकोस, मी घ्यायला येते आहे.

चौकशीला तुला विचारतील, सदर कॅमेरा कोणाचा. तू म्हणायचं, बाहेर बाकावर बसली आहे तिचा. मी २५ लाच पोचते. खरेदीची पावती आणते, चाळीस वर्षांच्या विम्याच्या फोटोंचा अल्बम आणते, आणि पट्टी तुझ्याकडे आहे ती टेबलावर ठेव. ते म्हणतील मला बोलायचा अधिकार नाही. मला ऐकू येत नाही, तेव्हा त्यांचं ते म्हणणं माझ्यापर्यंत पोचायला वेळ लागेल, तोवर माझं बोलून होईल. चावीवाल्यालाही कळव की मी त्याच्याबद्दल बोलणार आहे. त्याच्या अंगठ्याचा फोटो मी मोठा करून आणते आहे.

आधी टाकी आणि फोटोंचं बोलेन, आणि मग चिमणीचं. त्या चिमणीनंतर कोणी मला विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, ते इतकी वर्षं मनात घोळवून पाठ झालं आहे. कोणी विचारलंच नाही. आता विचारण्याची वाट बघत बसत नाही.

तुझे ते तीन फोटो मी पलंगासमोर लावले आहेत, माझ्या कॅलेंडरच्या शेजारी. कॅलेंडरचा मार्च मी फाडलेला नाही, तोही घेऊन येते. चौकशीच्या खोलीत टांगायला एक तरी लागेल.

स्टेशनवर घ्यायला ये आणि निघण्यापूर्वी जेवून ये. तुझा एक फोटो काढायचा आहे. या वेळी हललास तरी चालेल.

तुझी आत्या